काळं पडलेलं कडं

रंगाच्या दुकानावरच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेर डांबर मऊ पडलं होतं, आत पंखे गरम हवाच ढवळत होते आणि समोर उजळबाबा काळवंडलेले चांदीचे दागिने एका रुंद भांड्यात सोडत होते. वरून पांढरी भुकटी, मग चेल्याने आणलेलं कढत पाणी. पाणी फसफसायचं, कुजक्या अंड्यासारखा वास सुटायचा आणि बाबा गरजायचे, "नाकं दाबू नका! घरातली पीडा चाललीय तुमच्या. तिला काय अत्तराचा वास येणार?"

लोक हसत, हात जोडत. बाबा चिमट्याने साखळी वर उचलत. लख्ख! कालच घडवल्यासारखी.

"चांदी उन्हाळ्यातच का काळी पडते?" बाबा विचारत आणि उत्तरही स्वतःच देत. "मेलेली माणसं उन्हाळ्यात तळमळतात म्हणून. सोनं आतल्या गाठीचं, ते बोलत नाही. चांदी भोळी. तिच्या पोटात काही राहत नाही!"

रांगेत कपडे शिवणारी ताई उभी होती. सगळी गल्ली तिला ताईच म्हणायची. तिच्या मुठीत मुलीचं चांदीचं कडं होतं. मुलगी सहा वर्षांची होऊन तापाने गेली, त्याला तीन वर्षं झाली. दर उन्हाळ्यात कडं काळं पडायचं, दर उन्हाळ्यात बाबा ते उजळून द्यायचे.

या वेळी त्यांनी ते भांड्यात टाकलंच नाही. उलटसुलट करून बघितलं आणि परत दिलं.

"पोर तापाने गेली ना? अजून होरपळतेय. उन्हाळाभर दुपारचं पाणी पिणं सोड. तुझ्या वाट्याचं तिला पोचेल. मग आण."

ताईने मान हलवली. तिला धक्का बसला नाही, वाईटही वाटलं नाही. मुलगी गेल्यापासून तिला काही वाटायचंच थांबलं होतं. दोरा ओवायचा, शिवण मारायची, दोरा तोडायचा, पुढचं कापड घ्यायचं. त्यात आता पाणी प्यायचं नाही, एवढीच भर.

एका दुपारी तिचा नवरा बस डेपोत लावून घरी आला, तर ताई मशीनवर डोकं टेकून पडलेली. हाक मारली, ओ नाही. दवाखान्यात सलाईन लागलं. डॉक्टर म्हणाले, "आणखी उशीर झाला असता तर मूत्रपिंडं गेली असती."

धाकटी बहीण धावत आली. ती शाळेत विज्ञान शिकवायची.

"ताई, पाणी का नाही प्यायलीस?"

"ते तिला जातं."

बहिणीने सगळं ऐकून घेतलं. ओरडली नाही. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "कडं कुठे ठेवतेस, दाखव."

ताईने कपाट उघडलं. दुपारभर ऊन खाणाऱ्या भिंतीला लागून होतं ते. आत मुलीची लोकरीची टोपी, टोपीत कडं, वरून रबर गुंडाळलेलं.

"अगं, लोकरीत गंधक असतं, रबरातही असतं. गंधक चांदीला लागलं की चांदी काळी पडते. घाम आणि उकाडा असला की आणखी लवकर." मग तिने मेहुण्याला विचारलं, "भाऊजी, ॲल्युमिनियमचं पातेलं आहे?"

"चहाचं चालेल?"

"चालेल. फक्त पुन्हा त्यात चहा करू नका."

पातेल्याच्या तळाशी कडं, वर धुण्याचा सोडा, चमचाभर मीठ, उकळतं पाणी. थोड्याच वेळात तोच कुजका वास आला. नवरा दचकून मागे सरला.

"घाबरू नका, पीडाबिडा नाही. ॲल्युमिनियमने चांदीवरचं गंधक सोडवलं, त्याचा वास. बाबाचं भांडं ॲल्युमिनियमचं आणि भुकटी म्हणजे सोडा. बाकी नुसती बडबड."

कडं पांढरं झालं होतं. ताई त्याच्याकडे बघत राहिली.

"म्हणजे ती होरपळत नाही?"

"नाही, ताई."

"मग कशी आहे?"

बहिणीने तिचा हात धरला. मग हळूच म्हणाली, "ती नाहीये, ताई."

ताईला वाटलं, आता रडू येईल. आलं नाही. ती उठली आणि ग्लासभर पाणी प्यायली.

पण तिने कुणाच्या शब्दावर विसंबायचं नाही असं ठरवलं. कडं कोरडं पुसून सुती कापडात बांधलं, घट्ट झाकणाच्या डब्यात घालून आतल्या खोलीत ठेवलं. टोपीत स्वतःच्या बोटातली चांदीची अंगठी ठेवली, रबरासकट. उन्हाळा संपता संपता दोन्ही उघडलं. कडं पांढरं होतं. अंगठी काळी ठिक्कर पडली होती, आणि अंगठीची मालकीण तर जिवंत होती.

रविवारी ती पातेलं आणि गरम पाण्याचा थर्मास घेऊन हॉलमध्ये गेली. सगळ्यांसमोर अंगठी उजळून दाखवली.

"करणी! ही करणी आहे!" बाबा ओरडले.

"धुण्याचा सोडा आहे," ताई म्हणाली. "किराणा दुकानात मिळतो. तुमच्या भांड्यातलाही तिथलाच. देता चाखून बघायला?"

हशा पिकला. बाबांनी भांडं झटकन पाठीमागे ओढलं. हॉलमधली निम्मी माणसं उठली, निम्मी तशीच बसून राहिली. चेला दार लावू लागला.

जिन्यात एका म्हाताऱ्याने तिला थांबवलं. त्याच्या हातात काळी साखळी होती.

"बाई, ही माझ्या बायकोची. शेवटी शेवटी मी तिच्यावर फार चिडायचो. बाबा म्हणाले, ती अजून रागावलेली आहे."

"चांदी हवेने काळी पडते, आजोबा. घामाने पडते. तिच्या मनातलं चांदीला कसं कळणार? आणि बाबांना तरी कुठून कळणार? कुणी सांगितलंच, तर त्याला आधी विचारा, कशावरून? दागिना देण्याआधी विचारा, पाणी सोडण्याआधी विचारा."

म्हातारा पायरीवर बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला. ताईला अजूनही रडता येत नव्हतं. ती त्याच्या शेजारी बसली आणि त्याचं रडणं होईपर्यंत उठली नाही.