खंडेनवमीची हळद

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी जोतीराम लोणी भापकरहून पहिल्या एसटीनं बारामतीत आला, तो तोंड मिटूनच. वाटेत कुणी रामराम घातला तरी नुसता हात करायचा. घशातल्या गाठीचं ऑपरेशन उद्या पुण्यात होतं. आवाज राहील का जाईल, हे डॉक्टरही सांगत नव्हते. बापाकडून आलेली बिरोबाची ओवी गावात त्याच्याशिवाय कुणाला पुरती येत नव्हती. मागं एकदा ती टेपात भरली होती, पण रिळासकट गुंतून गेली. म्हणून उरलासुरला आवाज तो गाठीला बांधल्यासारखा जपत होता.

बारामतीत त्याची बहीण सिंधुबाई राहायची. तिची सून रोहिणी घरातच कॉम्प्युटरचा क्लास चालवायची. मामांची ओवी भरून घ्यायला तिनं पुण्याहून नवा यूएसबी माईक आणला होता.

"मामा, बसा. आत्ता सुरू करू."

पण माईक लावला की माऊसचा बाण पडद्यावर जागच्या जागी थिजायचा. माऊस काढून पुन्हा खुपसला की बाण पळायचा आणि माईक मुका व्हायचा. बाणाशिवाय रेकॉर्डिंग कसं चालवायचं, ते रोहिणीला ठाऊक नव्हतं. तिनं मशीन बंद करून चालू केलं, माईकचं सॉफ्टवेअर काढून पुन्हा घातलं. चहा निवून गेला. जोतीराम घशावरून हात फिरवत बसला.

"परवापर्यंत तर दोघं गुण्यागोविंदानं नांदत होते," रोहिणी म्हणाली. मग ती मागं वळली. "आत्या, खंडेनवमीला मशीनची पूजा करताना तुमी काय हलवलं?"

"हलवलं कुठं? पुसलं फकस्त."

"आणि वायरी?"

"त्या मागं धुळीत लोंबत हुत्या. देवाफुडं पाठ करून कसं ठिवायचं? म्हणून फुडं ती चार भोकांची डबी हाय, तीत खोवल्या. हळदकुंकू तरी लागलं!"

रोहिणीनं कपाळाला हात लावला. "आवं, त्या एका डबीत दोघांना पुरंल एवढी वीज येत न्हाय!"

तिनं दोन्ही वायरी काढल्या आणि मशीनच्या पाठीमागं वेगवेगळ्या जागी लावल्या. बाण पळू लागला. माईकही जागा झाला. तिनं रेकॉर्डिंग चालू केलं.

"मामा, बोला कायतरी, बघू."

जोतीरामानं मान हलवून बहिणीकडं बोट दाखवलं. सिंधुबाई माईकपुढं वाकली. "काय बोलू? पूजा केली, तर माजंच चुकलं म्हणं!"

जोतीरामाला हसू आवरेना. त्या दिवसातलं त्याचं पहिलं बोलणं तिथं निघालं. "सिंधे, ल्हानपणी कातरीला यवढी हळद फासलीस, की मेंढरांची लोकर पिवळी निघाली!"

मग त्यानं डोळे मिटले आणि ओवी धरली. शेवटाला आवाज खरवडत गेला, पण ओवी पुरी झाली.

रोहिणीनं ऐकवलं. आधी बहीणभावाची चकमक, मग ओवी. "हे सुरुवातीचं बोलणं कापते," म्हणून तिनं माऊसकडं हात नेला.

जोतीरामानं आपला पंजा माऊसवर ठेवला. बोटांना त्यावरची पूजेची हळद लागली.

"ऱ्हाऊ दे," तो हळूच म्हणाला.