तळ्यातली गोचीड

चंद्रभागेनं ओल्या हातानं रोहू मासा धरला आणि त्याचा पर उचलून बघितला. मसुराच्या डाळीएवढं, चपटं, हिरवट काहीतरी खालून सरकलं. तिनं ते नखानं सोडवून पाण्याच्या ताटलीत टाकलं, तर ते गरागरा पोहू लागलं.

"ही गोचीड हाय. पाण्यातली."

बांधावर उभा असलेला तिचा धाकटा दीर भागोजी हसला. "गोचीड शेळीला लागते, वयनी. तळ्याला नजर लागलीय. मासं कसं उड्या मारतात, अंग घासतात. आजच सगळं धरून इकून टाक नि तळं बुजव."

जमीन सामाईक, पण तळं खणलं होतं तिनं. नवरा मुंबईला. 'भागोजी सांगतो तसं कर,' एवढंच तो फोनवर बोलला होता. आंबेनळीच्या रस्त्यालगतच्या या जागेला बंगलेवालं गिऱ्हाईक आलंय, हे तिच्या कानावर होतं.

"आजारी मासा मी कुणाच्या कालवणात घालायची नाय."

भागोजीनं पिशवीतून बाटली काढली. "मग हे ओत. भातावर फवारतो तेच."

ती गुडघाभर पाण्यात उतरून उभी राहिली. "ओता. मी हाय इथंच. खालच्या वाडीची गुरं ह्याच पाण्यावर येतात. त्यांच्या धन्यांना काय सांगायचं, ते आधी ठरवा."

बाटली पिशवीत परत गेली.

दुसऱ्या दिवशी तो जीव बरणीत घालून तिनं महाड गाठलं. माशांचं काम बघणाऱ्या राजनंदिनी मॅडमनी तो भिंगाखाली धरला.

"बरोबर ओळखलंत. गोचिडीसारखीच ही, माशांची ऊ. अंगाला चिकटून रक्त पिते आणि अंडी काठ्या-दगडांना चिकटवते. तळ्यात बांबू रोवा, दर आठवड्याला उपटून कडक उन्हात वाळवा. मासे थोडे थोडे धरून मिठाच्या पाण्यात बुडवा. मासा कलंडला की लगेच परत तळ्यात सोडायचा."

चंद्रभागेनं वीस बांबू रोवले. उपटलेल्या बांबूंवर अंड्यांच्या ओळी दिसत. उन्हात वाळल्या की ती त्या कोयत्यानं खरवडून काढी. चाळीसेक मासे मेले. ते तिनं भर दुपारी, सगळ्यांदेखत पुरले.

"मासं न्हाऊ घालतेस काय गो?" पाणंदीतून कुणीतरी ओरडलं.

"तुम्ही बैल धुता, मी मासा धुते!"

सातव्या आठवड्यात बांबू कोरा निघाला. जाळ्यातल्या दहाही माशांचे पर तिनं उचलून पाहिले. काही नव्हतं.

त्याच सकाळी भागोजी दोन माणसांना घेऊन आला. त्यातल्या एकानं मोजायची टेप बांधावरून उलगडत आणली. तिनं मान वर केली नाही, कोंडा-पेंडीची मूठ पाण्यावर फेकली. सगळं तळं एकदम उसळलं. भागोजी बघतच राहिला.

"हे कधी बुजवून देणार?" टेपवाल्यानं विचारलं.

भागोजी नजर पाण्यावरच ठेवून म्हणाला, "तळं वयनीचं हाय. तिलाच इचारा."

चंद्रभागा काठावर आली. पदराला हात पुसले, खाली पडलेलं टेपचं टोक उचललं आणि त्या माणसाच्या हातात परत दिलं.