आई दुकान वाढवणार म्हणली

राजारामपुरीत क्लासच्या जिन्याखाली खाऊचं मशीन बसलं आणि आठ दिवसात समोरचं आमचं दुकान ओस पडलं. पोरं मोबाईल दाखवायची, आत स्प्रिंग फिरायची, बिस्किटपुडा धाडकन खाली. नववीत शाळा सोडल्यापासनं मला दुकानाशिवाय दुसरं काय येत न्हाय. डोकं नुसतं तापलेलं.

शनिवारी आईनं गाळामालक गणपतरावांना चार वाजता किल्ली न्यायला बोलवलं. दुपारी शेजारच्या तानाबाई आल्या, तर त्यांना म्हणली, "आज दुकान वाढवणार मी. कायमचं."

'बंद' हा शब्द आई दुकानात काढत न्हाय. अशुभ असतंय म्हणं.

मशीनवाला विश्वजित समोर माल भरत हुता. पोरगा इथलाच, पण शिक्षण सगळं बाहेर, इंग्रजीत. खोका तिथंच टाकून आला.

"काकू, दुकान वाढवताय?"

"व्हय बाबा. दुसरं काय करणार?"

त्याचं तोंड एवढंसं झालं. "किती वाढवणार?"

आईला काय कळंना. मला मातर टक्कन कळलं. ह्या शाण्याला वाटलंय, आम्ही दुकान मोठं करायलोय. आई काय बोलायच्या आत मी म्हणलं, "तुझ्या पोटात का दुखायलंय?"

"दुखणारच ना. मुलं रोज विचारतात, गरम काही आहे का. मशीनमध्ये पॅकबंदच ठेवता येतं. तुम्ही चहा-भजी सुरू केलीत, तर माझ्याकडं कोण बघणार?"

गड्यानं सोताच्या तोंडानं सांगितलं. माझं पाय जमिनीवर ठरंनात.

"आई, मी शेगडी आणते घरातनं."

"गप बस संयो. गणपतराव यायलेत."

"येऊदेत की. त्यास्नीबी भजी घालू."

सायकलीला शेगडी बांधली, कढई हँडलला. चारला क्लास सुटला तवा पहिला घाणा तेलात हुता. पोरं जिन्यावरनं उतरली, मशीनपाशी थबकली, वास आला तशी वळली. बघता बघता रस्त्यापतोर रांग. विश्वजितबी त्यात. त्याला म्हणलं, "पावणं, मागनं या. मधी घुसायचं न्हाय."

गणपतराव आले, गर्दीतनं हात पुढं केला. "किल्ली दे बाई."

आईनं मान वर केली न्हाय. "हात पिठात हायत, अण्णा. आणि किल्ली द्यायची न्हाय मला."

ते बघतच ऱ्हायले. मी पण.

"संयो, बघत काय उभारलीयास? कांदं चीर."