बांधाच्या कोपऱ्यातलं इट्रियम

जमिनीची पाहणी करणाऱ्या साहेबांनी बंदुकीसारखं मशीन आमच्या बांधाच्या कोपऱ्यात टेकवलं आणि आकडे बघून त्यांच्याच कपाळाला आठ्या पडल्या. शेत एकच, काळी मातीही तीच. पण इट्रियम नावाचं काहीतरी त्या कोपऱ्यातच निघत होतं.

"सोन्यावाणी असतंय का?" माझ्या सासऱ्यांनी, ग्यानबांनी, विचारलं.

"नाही. हे दुर्मिळ मूलद्रव्य. म्हणजे थोडं थोडं सगळीकडे असतं, पण एका जागी फार सापडत नाही."

"मंग हितं कसं सापडलं?"

"तेच कळत नाही. सोमवारी खणून बघू."

सगळीकडे असतं तर दुर्मिळ कसं, हे मला कळेना. साहेबालाही कळत नाही म्हटल्यावर तर डोकंच चालेना. सासऱ्यांना मात्र सगळं कळलं होतं. खाण येणार. खाणवाल्याच्या दारात मेंढरं शोभत नाहीत, म्हणून त्यांनी रविवारीच व्यापाऱ्याचा टेम्पो बोलावला.

"आधी खणू तर द्या," सासूबाई म्हणाल्या. कोण ऐकतंय? बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. मेंढरं भरून टेम्पो गेला तेव्हा त्या रिकाम्या मेंढवाड्याशी उभ्या होत्या. मला इतका राग आला की मी सासऱ्यांना चहासुद्धा दिला नाही.

सोमवारी खणलं, तर वीतभर खाली काच लागली. बल्बच्या वळणदार नळ्या, फुटलेल्या, आणि वरपर्यंत मातीत मिसळलेली पांढरी भुकटी. माझा नवरा बबलू वायरमन. गावातले गेलेले बल्ब घरी आणायचा. मेंढरांच्या खुरात काच जाऊ नये म्हणून सासूबाई ते कायम त्याच कोपऱ्यात पुरायला लावायच्या. त्यात असलं काही असेल हे कुणाच्या ध्यानीमनी?

साहेबांनी भुकटीवर मशीन टेकवलं. "इट्रियमच. नळीच्या आतल्या पांढऱ्या थरात असतं."

"म्हंजी हाय का न्हाई?" सासऱ्यांनी विचारलं.

"आहे. पण जमिनीचं नाही."

सासरे खड्ड्याकडे बघत राहिले. "मशीन खोटं न्हाई, सायब खोटं न्हाईत. मंग माजी मेंढरं कशापायी गेली?"

सासूबाई मात्र कधीच खाली बसून वाटेवर उडालेली काच गोळा करायला लागल्या होत्या.

"नीट येच गं शिवकन्या. एक तुकडा ऱ्हायला न्हाई पायजे. मेंढराच्या पायात जाईल."

मी वेचायला लागले. थोड्या वेळानं सासरेही बसले आणि वेचू लागले.