पाठीवरची सही

मी एक जुना कागद आहे. चार घड्यांचा, कडेला पिवळा पडलेला आणि कायद्याच्या नजरेत मेलेला. तरीही मला बोलायचं आहे, कारण एका गेलेल्या माणसाचा फोन मी ऐकला आहे.

मित्रांनो, मला बिल ऑफ लेडिंग म्हणतात. माल जहाजावर चढला की जहाज कंपनी असा कागद देते. ज्याच्या हातात हा मूळ कागद, त्यालाच पलीकडच्या बंदरात माल मिळतो. मुंबईजवळच्या बंदरातल्या एका कचेरीत आम्ही तिघं भाऊ एकामागून एक यंत्रातून बाहेर पडलो, अगदी एकसारखे. आमच्या अंगावर बारीक अक्षरांत एक ओळ छापलेली होती: तिघांपैकी एकावर माल सोडवला की उरलेले दोघे रद्द. आपलं मरण अंगावर वाचत जन्मणारे आमच्यासारखे थोडेच असतील.

आमचा माल म्हणजे हळद. वाशिम जिल्ह्यात किन्हीराजाजवळ एक तांडा आहे. तिथले हरिसिंग राठोड पंधरा वर्षं ऊसतोडीला जात. मग त्यांनी तांड्यावरच हळद शिजवायची आणि पॉलिश करायची सोय उभी केली. त्यांची मुलगी रीता वाशिमला बी. कॉम. झाली आणि तिने तांड्यावरच्या चाळीस घरांची मिळून एक कंपनी काढली. परदेशी जाणारा हा त्यांचा पहिलाच कंटेनर होता.

आम्हाला घेऊन बापलेक वाशिमच्या बँकेत आले. समोर योगिनीमॅडम बसल्या होत्या. परदेशी व्यवहारांचं टेबल त्यांचं.

"काका, आम्ही हे कागद तिकडच्या बँकेला पाठवू," त्या म्हणाल्या. "घेणाऱ्यानं पैसे भरले, तरच ती बँक त्याच्या हातात कागद देईल. याला आम्ही कलेक्शन म्हणतो. पण त्यानं पैसे भरलेच नाहीत, तर बँक जबरदस्ती करू शकत नाही. आम्ही कागद सांभाळतो, माल नाही."

"सौदा जुळवणारा दलाल म्हनते, कागद आधी देऊन टाका, पैसे नव्वद दिवसानं घ्या," हरिसिंग म्हणाले. जिना चढल्याने त्यांना धाप लागली होती. मधूनमधून खोकलाही येत होता. "म्या नाही म्हनलं. चाळीस घरचा माल हाय, मॅडम. पैसा आल्याबिगर कागद सुटला नाही पायजे."

मग त्यांनी भावांपाठोपाठ मला उलटं केलं आणि मालाचा हक्क पुढे देणारी सही माझ्या पाठीवर केली. सावकाश, दाबून. शेवटच्या 'ग'पाशी पेन अडखळलं आणि शाईचा एक ठिपका पडला. त्यांच्या हाताचा तो दाब अजून माझ्या अंगावर आहे.

टपालात सगळंच हरवू नये म्हणून बँका असे कागद दोन पाकिटांतून पाठवतात. माझे दोघे भाऊ पहिल्या पाकिटातून गेले. ते पोचल्याची खबर येईपर्यंत मी मॅडमच्या लोखंडी कपाटात थांबलो.

दोन आठवडे गेले. एके दिवशी दुपारी टेबलावरचा फोन वाजला. कपाट अर्धं उघडं होतं.

"मॅडम, मी हरिसिंग बोलून राह्यलो, किन्हीराजाचा. पार्टी भरोशाची हाय. त्याले कागद देऊन टाका म्हना. पैसे तो नव्वद दिवसानं देईन."

आवाज त्यांचाच होता. तरी त्यात काहीतरी कमी होतं. त्या आवाजात धाप नव्हती. खोकला नव्हता. दोन वाक्यांच्या मधे श्वास घेतल्याचा एवढासाही आवाज नव्हता.

"काका, असं तोंडी नाही चालत. बँकेला लेखी लागतं," मॅडम म्हणाल्या.

"लेखी भेजतो," आवाज म्हणाला आणि फोन बंद झाला.

तासाभरात ई-मेलवर पत्र आलं. खाली हरिसिंगची सही, वर आजची तारीख. मॅडमनी पत्र छापून घेतलं, पण त्यांचं मन मानेना. बँकेत नोंदवलेल्या नंबरावर त्यांनी रीताला फोन लावला.

"रीता, काकांचं पत्र मिळालं. अट बदलायची, हे नक्की ना?"

 पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता.

"मॅडम, कोनतं पत्र? बापूले जाऊन आज बारा दिवस झाले. हळदीच्या ढिगापाशी बसले, ते उठलेच नाही. आंगनात लोकं जेवून राह्यले."

मॅडमनी फोन खाली ठेवला. मग त्यांनी कपाटातून मला काढलं, उलटं केलं आणि ते पत्र माझ्याशेजारी ठेवलं. दोन्ही सह्या सारख्या होत्या. पेन अडखळलेली जागा तीच. ठिपकाही तोच, तेवढाच. मित्रांनो, जिवंत माणसाच्या दोन सह्या कधी इतक्या सारख्या होत नाहीत. सह्या झाल्यावर आमच्या छायाप्रती दलालाकडे गेल्या होत्या. माझ्या पाठीवरची सही कुणीतरी उचलून त्या पत्राखाली बसवली होती. माझ्या अंगावरून कुणीतरी हात फिरवून गेलं आणि मला कळलंही नाही, असं मला वाटलं.

मॅडमनी ताबडतोब तिकडच्या बँकेला संदेश धाडला: पैसे भरल्याशिवाय कागद कुणालाही देऊ नयेत. माझं पाकीटही त्यांनी थांबवलं.

दुसऱ्या दिवशी रीता बँकेत आली. डोळे सुजलेले होते. ती खुर्चीवर टेकते न टेकते तोच फोन वाजला. मॅडमनी स्पीकर चालू केला. रीताने आपला मोबाइल काढून रेकॉर्डिंग सुरू केलं.

"मॅडम, मी हरिसिंग बोलून राह्यलो. पत्र भेटलं ना? पार्टी भरोशाची हाय. कागद देऊन टाका म्हना."

रीता खुर्चीतून अर्धी उठली. "बापू?" ती म्हणाली.

"हो बेटा, बोल."

क्षणभर मला वाटलं, ही पोरगी आता विश्वास ठेवणार. तिला ठेवायचाच होता. ती फोनच्या अगदी जवळ वाकली आणि गोरमाटीत, त्यांच्या घरच्या बोलीत तिने विचारलं, "तू कुठं आहेस?"

हरिसिंग घरात लेकीशी दुसऱ्या कुठल्याच बोलीत बोलत नसत.

फोनमधून नुसती खरखर आली. मग आवाज म्हणाला, "पार्टी भरोशाची हाय. कागद देऊन टाका म्हना."

तिने पुन्हा तेच विचारलं. या वेळी ती रडत होती.

"पार्टी भरोशाची हाय. कागद देऊन टाका म्हना." तोच चढ, तोच उतार, कणभरही फरक नाही. मग फोन तुटला.

"हे आमचे बापू नाही, मॅडम," रीता म्हणाली.

पुढे सगळा उलगडा झाला. हरिसिंगनी वर्षभर दलालाला मोबाइलवरून लांबलांब आवाजी निरोप पाठवले होते, सगळे वऱ्हाडीत. त्यांतूनच यंत्राने तो आवाज बनवला होता, म्हणून गोरमाटी त्याला कळलीच नाही. रीताने रेकॉर्डिंगची प्रत देऊन पोलिसांत तक्रार दिली. दलालाचा फोन कायमचा बंद झाला आणि घेणारा पैसे भरायला कधी आलाच नाही.

कंटेनर परक्या बंदरात उभा राहिला. जागेचं भाडं रोज चढत होतं. हळद परत आणावी तर येण्याचा खर्चच मोठा. तीन आठवडे रीता सकाळ-संध्याकाळ त्या बंदरातल्या व्यापाऱ्यांना फोन करत राहिली. शेवटी तिथलाच एक मसालेवाला थोड्या कमी भावाने तयार झाला. तिने लेखी कळवलं, मॅडमनी तसा संदेश पाठवला. त्याने पैसे भरले आणि तिकडच्या बँकेने माझे दोघे भाऊ त्याच्या हाती दिले. त्यांतल्या एकावर माल सुटला, आणि इथे कपाटात मी मेलो. फार काही होत नाही, मित्रांनो. अंगावरची अक्षरं आपली वाटेनाशी होतात, एवढंच.

चाळीस घरांचे पैसे आले. एका रविवारी योगिनीमॅडम 'रद्द' असा शिक्का मारून मला तांड्यावर घेऊन आल्या. हरिसिंगची बायको रुपाबाई दारात बसली होती. तिने मला हातात घेतलं नाही.

"मॅडम, त्याचा आवाज आला म्हनते तुमच्या फोनवर. मले ऐकवा."

"याडी, नको ऐकू," रीता आईला म्हणाली.

"कायले नको? माह्या मानसाचा आवाज हाय."

रीताने मोबाइल पुढे केला. रुपाबाईने तो कानाला लावला आणि डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं.  मग तिने मोबाइल लेकीला परत दिला.

"आवाज त्याचाच हाय," ती म्हणाली. "पन आत कोनी नाही. पुसून टाक."

रीताने तिच्यासमोरच तो आवाज पुसला.

मित्रांनो, सही उचलता येते आणि आवाजही बनवता येतो, हे मी माझ्या अंगावर भोगलं आहे. म्हणून माझी एवढीच विनंती. ओळखीच्या आवाजात कुणी घाई करू लागलं, तर त्याला घरच्या बोलीत एक प्रश्न विचारा, आणि खरं उत्तर मिळेपर्यंत हातातला कागद सोडू नका.