एका सेल्फात

गोड करून सांगायची सवय मला न्हाई, म्हणून सरळ सांगतो. रामेश्वरनं मला फसवलं. खोटं बोलला असता तर गचांडी तरी धरता आली असती. त्यो खोटं बोललाच न्हाई. नुसतं "बघू की काका" म्हणला.

रामेश्वर म्हणजे मोहनरावचा पोरगा. मोहनराव माझा दोस्त, आन परळीतल्या जुन्या नाकाड्या बसचा मालक. इंजनाचं लांब नाक पुढं आलेलं, आन हॉर्न असा की रस्त्यावरच्या म्हशी दावं तोडायच्या. वऱ्हाडं न्यायची-आणायची हाच तिचा धंदा. मोहनराव चालवायचा, आन मी, सटवा मिस्त्री, तिची दुरुस्ती बघायचो. मोहनराव वारला आन बस शेडात जी उभी राहिली ती राहिलीच. थर्मलच्या वीजकेंद्राची राख बसून बसून तिचा लाल रंग कुठं गेला ते कळंना झालतं.

माझ्या लग्नाचं वऱ्हाड त्याच बसमधी गेलतं, गेवराईकडं, चकलांब्याला. नवरी घिऊन परत निघालो आन बस काय चालू होईना. शेवटी भामाबाईच्या भावांनी, नवी धोतरं आन फेटे घालून, सगळ्या गावादेखत ती ढकलली. नवरा मिस्त्री, आन नवरीची गाडी तिच्या भावांनी ढकलायची! तवापासून चकलांब्यात माझी इज्जत तेवढीच. पंचमीनंतर बायकोला आणायला गेलो की मेहुणा अजिनाथ दारातच इचारायचा, "काय दाजी, धक्का मारायला माणसं बोलवू का?" आन घरात भामाबाई. दूध उतू गेलं म्हणून मी वरडलो की ही ठसक्यात म्हणणार, "तुमाला एक गाडी चालू करता आली न्हाई, मला कावून शिकवता?" उभा जन्म ऐकलं हे.

यंदा आखाडात रामेश्वर घरी आला. अंबाजोगाई रोडला शेडाच्या पुढं त्यानं ढाबा बांधायला घेतलता. म्हणला, "काका, बाबाची बस चालू करून द्या. एका सेल्फात झाली पायजे, सगळ्यांसमोर."

सेल्फ म्हणजे इंजनाला पहिला हिसका देणारी मोटर. चावी फिरवली की तिचं दातं बाहेर येऊन इंजनाच्या चाकाला धरतं, फिरवतं आन मागं सरतं. आमा मिस्त्र्यांचं डोस्कं कसं असतं सांगतो. जी गाडी जायची न्हाई तिचा सेल्फ कुणी करत न्हाई. दावणीला उभ्या बैलाच्या खुराला पत्री कोण मारतं का? म्हणून कशापायी चालू करायची, हे मी इचारलंच न्हाई. उलट मीच हरकून म्हणलो, "करतो की! आन पंचमीला तुझ्या काकूला हिच्यातच चकलांब्याला नेतो."

त्यो हसला. "बघू की काका."

झालं. भामाबाईनं लगीच भावाला फोन लावला. "अजिनाथ, यंदा मला न्यायला मुराळी धाडू नको. तुझे दाजी मला बसमधी घिऊन येणार हायेत, त्याच बसमधी." तिकडं त्यो खिदळला. "मग दोरखंड घिऊनच या म्हणावं." ही फोन ठिऊन मला म्हणली, "आता माझं नाक कापू नका म्हंजी झालं."

कामाला लागलो. आधी बॅटरीची वायर सोडली, मग बसखाली पोतं टाकून आडवा झालो. सेल्फ काढताना खालचे बोल्ट आधी, वरचा शेवटी, आन त्यो सुटायच्या आत कुणालातरी खालून धरावं लागतं. न्हाईतर धोंडा छातीवर. भामाबाई भाकरी घिऊन आलती. "आता हे बी मीच धरू?" म्हणली, पण पदर खोचून वाकली आन धरलं.

सेल्फ खोलला तर दात्याच्या दांडीवर ग्रीसचा हा लपका, त्यात राख बसून पार शिमिट झालेलं. ते बघून मी मोहनरावला तिथंच शिव्या घातल्या. ती दांडी कोरडी ठिवायची असते. ग्रीस लावलं की राख चिकटते, आन दातं अडकतं. मी कोरडी करायचो, आन ह्यो बाबा खंडेनवमीला पूजेच्या आधी हात घालून, देवाला शेंदूर लावावा तसं ग्रीस थापायचा. "सटवा, लोखंडाला वंगण पायजे बे," म्हणायचा. माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी तर मूठभर थापलं आसंल, दोस्ताचं लगीन म्हणून!

"बघ," मी भामाबाईला दाखवलं. "माझी चूक न्हवती. ह्याच्यापायी ढकलावी लागली."

"मेलेल्या माणसावर घाला आता," ती म्हणली. पण वाकून नीट बघितलं तिनं.

रॉकेलनं सगळं धुतलं. झिजलेले कार्बन बदलले, बुश बदलले, आतलं तांबं झीरो पेपरनं घासून लख्ख केलं. दांडी कापडानं पुसली, पुन्हा पुसली, तेलाचा ठिपका ठिवला न्हाई. रामेश्वर आला की मी बजावायचो, "टायर बदल रं, चकलांबा लांब हाय." "करू की काका." ढाब्याच्या कडंला शिमिटाचा उंच ओटा आन त्याला चढ केलेला. मला वाटलं गाड्या धुवायला केला आसंल. माणसानं किती आंधळं असावं!

पंचमीचा दिस उजाडला. भामाबाई नवं हिरवं लुगडं नेसून, भाचरांसाठी लाह्यांची पिशवी घिऊन पुढच्या सीटवर बसली. नवरी म्हणून बसलती तीच जागा. माणसं गोळा झालती, हातात मोबाईल. रामेश्वर म्हणला, "चावीचा मान तुमचा, काका."

मी चावी फिरवली. घर्र न्हाई, खर्र न्हाई. एका सेल्फात इंजन धडाडलं.

मी मागं वळून बघितलं. भामाबाई हसली, लुगड्याचा पदर तोंडाला लावून. आवं, त्या हसण्यापायी मी बसखाली पाठ सोलून घेतलती.

मग रामेश्वर स्टेरिंगवर बसला. बस शेडातून निघाली, रस्त्याकडं वळंल म्हणून मी दांडा धरून उभा. ती वळली ओट्याकडं. गुरगुरत चढ चढली, वर जाऊन थांबली. रामेश्वरनं इंजन बंद केलं आन खाली टाळ्या पडल्या. कुणीतरी चाकांखाली विटा सारल्या. मागच्या बाजूनं टेबलं चढायला लागली.

"काका, लई उपकार झाले," त्यो म्हणला. "वर विजेच्या तारा हायेत, क्रेन लावता येईना. ट्रॅक्टरला हा चढ ओढवेना. आता गिऱ्हाइकं बसमधी बसून जेवणार, बाबाचं नाव राहील. तेवढा सेल्फ काढून टाका. पोरं येतील, चावी फिरवतील, नसता ताप."

"आन चकलांबा?"

"आवं काका, टायर बघितलेत का? पासिंग कवाच संपलंय. तुमाला कार देतो की, ड्रायव्हरसकट."

"कार तुझ्या चुलीत घाल," भामाबाई म्हणली, आन लाह्यांची पिशवी काखेत मारून खाली उतरली.

मी न्हाई म्हणून निघून गेलो असतो. पण गॅस कटर घिऊन एक पोरगा तयार उभा होता, त्यानं बोल्टांसकट कापला असता. माझ्या हातचं काम कापू देऊ? परत बसखाली शिरलो. वायर सोडली, खालचे बोल्ट सोडले. वरच्या बोल्टाला पाना लावला तवा बाजूला हिरवं लुगडं दिसलं. भामाबाईनं दोन्ही हात खाली धरले. सेल्फ उतरला तसा नव्या लुगड्यावर काळा पट्टा उमटला.

सेल्फ घिऊन आमी ओट्याखाली उतरलो, तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिचे हात बरबटलेले, म्हणून मीच बटण दाबून तिच्यापुढं धरला.

"अक्के, कुठवर आलात?" अजिनाथचा आवाज. "सगळी भावकी येशीत उभी हाय बघायला."

तिनं वर ओट्याकडं बघितलं. तिच्या सीटवर एक माणूस चहा पीत होता.

"न्हाई येत रे," ती म्हणली. "गाडी चालूच झाली न्हाई."

तिकडं एकच हशा झाला. मी दात खाऊन म्हणलो, "अगं, एका सेल्फात झाली की! तुझ्यासमोर झाली! कावून खोटं सांगती?"

"झाली. मी कुठं न्हाई म्हणते?" ती बरबटलेला हात तसाच फोनवर ठिऊन म्हणली. "पण हाटेलासाठी चालू केली, आमाला कुणी इचारलं बी न्हाई, हे सांगू? त्याच्यापरीस बंद पडलेली बरी."

तिच्या हाताखाली फोन चालूच होता. अजिनाथ इचारत होता, दाजी, धक्का मारायला येऊ का. मी सेल्फ मांडीवर घिऊन तिथंच बसून राहिलो.