तुंबलेली नळी आणि मी

मी एक जुना प्रोसेस आहे. जुना म्हणजे पाच तासांचा. हसू नका, मित्रांनो! आमच्यात तीन सेकंद म्हणजे भरलं आयुष्य.

प्रोसेस म्हणजे संगणकात चालू असलेलं काम. मोठं काम लहान कामांना जन्म देतं. रक्त तपासणाऱ्या एका लॅबच्या संगणकात आज सकाळी सात वाजता बाबांनी आम्हा सात भावंडांना जन्म दिला. मी थोरला. तपासणी यंत्राचे आकडे वाचायचे, रिपोर्टच्या ओळी करायच्या आणि बाबांकडे जाणाऱ्या नळीत, म्हणजे संगणकातल्या आमच्या निरोपांच्या वाटेत, सोडायच्या, हे माझं काम. बाबा रोज सकाळी नवी सात भावंडं जन्माला घालतात; आधीच्या दिवसांचे थोरले हे काम चुटकीसरशी उरकत. लॅबवाल्या मावशी त्यांचं फार कौतुक करत.

बाबांचा एक नियम आहे. ‘आधी काम संपव, मग मी नळीतलं वाचतो.’ ओळी थोड्या असत, म्हणून आजवर कुणाचं काही अडलं नाही. पण काल संध्याकाळी लॅबमध्ये नवं यंत्र आलं, आणि ते भलतंच बोलघेवडं निघालं. एका आकड्यामागे दहा सूचना! मी त्या सगळ्या इमानेइतबारे नळीत सोडत गेलो आणि एकशे बाराव्या रुग्णाशी नळी गच्च भरली.

झालं! नळी रिकामी झाल्याशिवाय मला पुढची ओळ सोडता येईना. ओळी गेल्याशिवाय माझं काम संपेना. आणि माझं काम संपल्याशिवाय बाबा नळीला हात लावीनात. मला धड जगता येईना, धड मरता येईना. धाकटी सहा जणं केव्हाच काम उरकून मेली होती. पण बाबा माझ्याच वाटेकडे डोळे लावून बसलेले, त्या सहांना निरोप कोण देणार? त्यांची नावं चालू कामांच्या यादीत तशीच लटकत राहिली. अशांना झॉम्बी म्हणतात. मला त्यांची फार कीव आली.

माझ्यापाशी अडकलेली ओळ एका आजींची होती. त्यांचं आज ऑपरेशन होतं. बाराच्या आत रिपोर्ट मिळाला नाही, तर डॉक्टर परगावी निघून जाणार होते. मला हे कसं कळलं म्हणता? मावशी संगणकाचा माइक कधीच बंद करत नाहीत.

“झाला का हो रिपोर्ट?” आजींचा जावई खिडकीशी अकराव्यांदा आला. “सासूबाई रात्रीपासून उपाशी आहेत.”

“अहो, मी तरी काय करू? हे बसलंय ठिय्या देऊन!” मावशी रडकुंडीला आल्या होत्या.

शेवटी दुरुस्तीवाली ताई आली. मावशींनी तिला यादीतले सहा झॉम्बी दाखवले. “तीनतीनदा मारलं गं यांना, मरतच नाहीत!”

“मावशी, मेलेल्यांना अजून किती माराल?” ताई हसली. “त्यांचं काही चुकलेलं नाही. थोरला अडकलाय.”

“मग त्याला मार की!”

माझा जीव टांगणीला लागला. मी मेलो असतो तर बाबा मोकळे झाले असते, भावंडंही सुटली असती. पण आजींची ओळ माझ्याबरोबरच गेली असती. यंत्र आकडे जपून ठेवत नाही. रक्त पुन्हा घ्यावं लागलं असतं, आणि पावणेबारा तर वाजले होते.

ताईने घाई केली नाही. मी या क्षणी नेमकं काय करतोय, ते तिने आधी पाहिलं.

“हा झोपलेला नाहीये, मावशी. बोलायला तोंड उघडून बसलाय, ऐकायला कुणी नाही.”

मग तिने नळीचं दुसरं टोक स्वतःच वाचायला घेतलं. ओळी तिच्या पडद्यावर उतरू लागल्या, नळीत जागा झाली आणि मी आजींची ओळ सोडली! मला अगदी भरून आलं. मावशींनी कागद छापला. जावई तो घेऊन जो पळाला, तो आभार मानायलाही थांबला नाही.

“आता उद्यापासून याचा बाप ऐकत ऐकतच वाट बघेल,” असं म्हणून ताई नियम बदलायला बसली.

मित्रांनो, कुणी गप्प बसलेलं दिसलं तर त्याला लगेच आळशी म्हणू नका. तो कशापाशी अडकलाय, एवढं बघा. आणि कुणी काही सांगत असेल, तर ‘आधी तुझं आवर, मग ऐकतो’ असं म्हणू नका. तुम्ही ऐकल्याशिवाय त्याचं आवरणारच नसेल कदाचित.

माझी शेवटची ओळ आता गेली. निघताना बाबांना एक आकडा सांगायची आमची रीत आहे. शून्य म्हणजे सगळं सुरळीत झालं. ते तेवढंच ऐकतात. मी शून्य सांगणार आहे. हे पाच तास मी कसे काढले, ते बाबांना कधीच कळणार नाही.